बारा कोसांची भाषा आणि चौदा तालुक्यांचे ताट

'दर बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. कोस म्हणजे साधारण दोन मैल. त्या हिशेबाने बारा कोस म्हणजे अडतीस-चाळीस किलोमीटर. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिकच. २०२४ साली त्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झाले, तरी बोलताना पुष्कळांच्या तोंडी अजून 'नगर' एवढेच येते. कळसूबाईच्या पायथ्यापासून जामखेडच्या सीमेपर्यंत जायचे म्हटले तर वाटेत बारा कोसांचे टप्पे पाच-सहा तरी लागतात. म्हणजे म्हण खरी धरली तर आपल्या एकाच जिल्ह्यात पाच-सहा भाषा असावयास हव्यात!

भाषा तितक्या नाहीत हे उघड आहे. व्याकरण बहुतेक एकच. फरक पडतो तो उच्चारात, हेलात आणि शब्दांत. त्यातही सर्वांत जास्त फरक कोठे पडत असेल तर तो ताटातल्या शब्दांत. कचेरी, शाळा, न्यायालय यांचे शब्द सरकारी छापाचे, म्हणून सगळीकडे सारखे. स्वयंपाकघराला मात्र कोणी परिपत्रक धाडीत नाही. तेथील शब्द चुलीपाशी जन्मतात, सासू-सुनांच्या बोलण्यात वाढतात आणि बाजाराच्या रस्त्याने प्रवास करतात. प्रस्तुत लेखात अशा काही रोजच्या शब्दांची ओळख करून घ्यावयाची आहे आणि हा फरक कशामुळे पडतो, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

आपला जिल्हा या अभ्यासाला फार सोयीचा आहे. चौदा तालुक्यांच्या या प्रदेशाला नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे आणि ठाणे अशा सात जिल्ह्यांच्या सीमा लागतात. कोपरगावचे तोंड येवल्या-सिन्नरकडे, नेवासे-शेवगावचे गोदावरीपलीकडच्या पैठण-गंगापूरकडे, पाथर्डी-जामखेडचे बीडकडे, कर्जतचे करमाळ्याकडे, श्रीगोंदे-पारनेरचे दौंड-शिरूर-जुन्नरकडे, तर अकोल्याचे तोंड घाटाखालच्या मुरबाड-शहापूरकडे. त्यामुळे खानदेश, मराठवाडा, पुणे, कोकण या सर्वांचे शब्द येथे एकमेकांना भेटतात. वसतिगृहाच्या खाणावळीत एका पंगतीला बसलेली दहा मुले एकाच भाजीला तीन नावांनी हाका मारतात, त्याचे कारण हेच.

१. जमीन, पाऊस आणि शब्द

पहिला फरक पावसाने केला आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस पाचशे ते सहाशे मिलिमीटर. पण अकोल्याच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर तो याच्या कितीतरी पट पडतो. तेथे भात पिकतो, नागली पिकते, वरई पिकते. घाट उतरून पूर्वेला यावे तसा पाऊस आटतो आणि बाजरी लागते. पुढे दक्षिणेस सीना-भीमेच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी लागते.

आता शब्द पाहा. अकोल्यात 'भात' म्हणजे शेतात उभे असलेले पीकही आणि ताटात वाढलेले अन्नही. पाथर्डीच्या माणसाला 'भात लावला' म्हटले तर तो चुलीवर लावला असेच वाटणार! कारण त्याच्या शेतात भात नाही. पीक जेथे नाही तेथे शब्दाचा अर्धा अर्थही नाही.

नागलीचे तसेच. अकोले, नाशिक, ठाणे या डोंगरी पट्ट्यात 'नागली'. पुणे, कोकण, कोल्हापूर या बाजूला तीच 'नाचणी'. धान्य एक, भाकरी एक, रंगही तोच. पण नाव सांगितले की सांगणारा कोणत्या डोंगराचा हे ओळखता येते.

वरईची गोष्ट तर अधिक गमतीची. अकोल्याचा महादेव कोळी किंवा ठाकर शेतकरी डोंगर-उतारावर 'वरई' पेरतो. तेच धान्य सडून, पॉलिश होऊन किराणा दुकानात आले की नगरला त्याचे नाव होते 'भगर'. पुण्या-मुंबईकडची मंडळी तिला 'वरीचे तांदूळ' म्हणतात. आपल्याकडे एकादशीला भगर खाणाऱ्या कित्येकांना ती आपल्याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात वरई म्हणून उगवते, हे माहीत नसते. पिकवणाऱ्याचा शब्द एक आणि खाणाऱ्याचा दुसरा. मध्ये बाजार उभा आहे.

दक्षिणेच्या ज्वारीला जुनी माणसे 'जोंधळा' म्हणतात आणि रब्बीच्या पांढऱ्या शुभ्र ज्वारीला 'शाळू'. कोवळे कणीस भाजून खाल्ले की तो 'हुरडा'. एकाच धान्याला त्याच्या जातीप्रमाणे, हंगामाप्रमाणे, वयाप्रमाणे वेगळे नाव देणे ही त्या धान्यावर जगणाऱ्या माणसांची खूण आहे. ज्याचे ज्यावर पोट, त्याचे त्यासाठी शब्द पुष्कळ.

कडधान्यांत हुलगा घ्या. देशावर 'हुलगा', कोकणात 'कुळीथ'. कोकणी माणूस कुळथाची पिठी करतो; आपल्याकडे हुलग्याचे 'माडगे' होते आणि पारनेर-संगमनेरच्या अंगाला 'शिंगोळे' होतात. हलक्या, मुरमाड जमिनीत, कमी पाण्यावर येणारे हे पीक. ज्या गावांनी माडगे पिऊन थंडीचे दिवस काढले, त्यांच्या म्हाताऱ्यांना विचारावे म्हणजे या शब्दाची ऊब कळेल.

२. भाकरीबरोबर काय?

भाकरीला आपल्या ग्रामीण भागात 'भाकर' म्हणतात, मराठवाड्यात व खानदेशातही तसेच. पुस्तकात 'भाकरी' असते. पण खरा गोंधळ भाकरीबरोबर काय, येथून सुरू होतो.

ज्यात भाकरी कालवून, चुरून खावयाची ते 'कालवण'. हा शब्द कृतीवरून आला. मग ते डाळीचे असो, वांग्याचे असो वा मटणाचे. कोकण किनाऱ्यावर मात्र 'कालवण' म्हटले की मासळीच डोळ्यांसमोर येते. दक्षिणेकडे सोलापूर-साताऱ्याच्या अंगाने 'कोरड्यास' हा शब्द ऐकू येतो. नाव कोरडे आणि पदार्थ पुष्कळदा पातळ, याचे नवख्याला नवल वाटते. पण भाकरी कोरडी, त्या कोरड्याला लावून खावयाचे ते कोरड्यास, अशी फोड सहज सुचते. म्हणजे हे नाव भाजीच्या बाजूने नसून भाकरीच्या बाजूने पडलेले. भाकरी मुख्य, बाकी सारे तिच्या सोयीचे, हा गरिबीचा व कष्टाचा हिशेब त्या एका शब्दात मांडलेला आहे.

हरभऱ्याच्या पिठाचे तर तीन दरबार आहेत. पुण्याकडे 'पिठले', कोल्हापूर-सोलापूरकडे घट्ट, कोरडा 'झुणका', आणि नगर-नाशिकपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत 'बेसन'. पुणेरी माणसाला 'बेसन खाल्ले' हे वाक्य चमत्कारिक वाटते, कारण त्याच्या लेखी बेसन म्हणजे कोरडे पीठ. आमच्याकडे बेसन-भाकर हे पुरते जेवण आहे. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली आणि 'झुणका' हा शब्द जेथे रोजच्या बोलण्यात नव्हता तेथेही पाटीवर जाऊन बसला. पदार्थ ओळखीचाच होता, नाव मात्र सरकारी गाडीतून आले. गंमत अशी की त्या योजनेने झुणका एका प्रदेशाचा घेतला आणि 'भाकर' मात्र खेड्यातल्या उच्चाराप्रमाणे ठेवली.

मसाल्यांतही असेच. आपल्याकडे 'काळा मसाला', पूर्वेकडे बीडच्या बाजूला 'येसर', सोलापूरकडे 'काळे तिखट', पुण्याच्या ब्राह्मणी स्वयंपाकघरात 'गोडा मसाला'. या सर्वांत थोडाफार फरक आहे, नाही असे नाही. पण डब्यातली जागा एकच. कोल्हापूर-साताऱ्याकडे तर कांदा-लसूण घातलेल्या तिखटालाच 'चटणी' म्हणतात. तिकडच्या घरी पाहुण्याने 'भाजीत चटणी जास्त झाली' असे ऐकले तर त्याने घोटाळ्यात पडू नये.

३. पोळी कोणाची?

येथवरचे फरक प्रदेशाचे होते. पण एक फरक असा आहे की जो एकाच गावात, एकाच आळीत पडतो. तो म्हणजे 'पोळी' आणि 'चपाती'.

गव्हाच्या साध्या पातळ भाकरीला नगर शहरातील काही घरांत पोळी म्हणतात, काहींत चपाती. पुण्याच्या जुन्या ब्राह्मणी घरांत ती पोळी. मराठवाडा-विदर्भातही सर्रास पोळीच. आपल्या खेड्यांतील बहुतेक शेतकरी घरांत मात्र रोजची ती चपाती, आणि 'पोळी' हा शब्द पुरणाच्या पोळीसाठी राखून ठेवलेला. ज्या घरी गहू फक्त सणाला दिसे, त्या घरी पोळी म्हणजे सणच! रोज गहू खाणाऱ्याला पुरणाच्या पोळीसाठी वेगळा जोडशब्द करावा लागला, 'पुरणपोळी'. बाजरी-ज्वारी खाणाऱ्याला तो लावण्याची गरजच पडली नाही. शब्दांची ही वाटणी आर्थिक आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सणाच्या त्या पोळीबरोबर जे लागते त्याचीही नावे पाहण्यासारखी आहेत. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीचे वरचे पाणी निथळून घेतात. पुण्याकडे त्याला 'कट' म्हणतात व त्याची 'कटाची आमटी' होते. सोलापूर-कोल्हापूरकडे तेच 'येळवणी'. आपल्या उत्तरेकडील तालुक्यांत व नाशिककडे त्या आमटीला 'सार' म्हणतात. जोडीला गुळाचे पाणी, ती 'गुळवणी'. एका पातेल्यातल्या पाण्याला तीन नावे आणि तीनही नावांच्या माणसांना आपल्याच आईचे सार सर्वांत चांगले वाटते!

पीठ थापून तव्यावर भाजलेल्या दुसऱ्या एका पदार्थाला पुणे-मुंबईकडे 'थालीपीठ' म्हणतात. मराठवाडा, सोलापूर आणि आपला दक्षिण-पूर्व भाग येथे त्याची बहीण 'धपाटे' या नावाने नांदते. पाठीत बसणारा धपाटा आणि ताटात येणारे धपाटे, दोन्ही हाताचेच काम.

४. एक शब्द, दोन ताटे

एका पदार्थाला दोन नावे असली तर फार तर विचारून खुलासा होतो. पण एकाच शब्दाचे दोन अर्थ असले तर दोघांनाही आपण बरोबर बोललो असे वाटते आणि ताटात भलतेच येते. भाषेच्या अभ्यासकाने अशा शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे.

'डांगर' घ्या. नगर-नाशिककडे डांगर म्हणजे लाल भोपळा. पुण्याकडे व कोकणात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा एक तोंडीलावण्याचा प्रकार. पुण्याची सून नगरला आली आणि सासूबाईंनी 'डांगर चिर' म्हटले, तर तिने बिचारीने काय करावे?

'जांब' घ्या. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या गावांत जांब म्हणजे पेरू. कोकणात जांब हे निराळेच, पाणीदार, गुलाबी-पांढरे फळ. राहाता परिसराचे पेरू प्रसिद्ध आहेत. तेथे बाजारात पाटीवर 'पेरू'च लिहितात, पण गोदावरीपलीकडून आलेले गिऱ्हाईक 'जांब कसे दिले?' असे विचारू शकते.

'सांबार' घ्या. नागपूर-वर्ध्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तिकडची सांबारवडी म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी. आपल्याकडे सांबार म्हटले की इडलीबरोबरची वाटी.

'कट' वर आलाच आहे. पुण्यात तो पुरणाच्या डाळीचा. कोल्हापुरात मिसळीवर ओततात तो तिखट रस्सा म्हणजे कट. पुण्यात मिसळीचा रस्सा 'सँपल', नागपुराकडे 'तर्री'.

आणि 'खर्डा'! कोल्हापूर-साताऱ्याकडे हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ रगडून केलेला तो खर्डा. आपण त्यालाच 'ठेचा' म्हणतो. आपल्या जिल्ह्यात खर्डा म्हटले की जामखेड तालुक्यातले गाव आठवते, जेथे १७९५ साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. तेव्हा कोल्हापूरच्या मित्राने 'आमचा खर्डा फार तिखट' म्हटले, तर 'आमचाही निजामाला तिखटच लागला होता' असे उत्तर द्यावयास हरकत नाही.

'मासवडी' हे आणखी एक फसवे नाव. पारनेर-संगमनेर-जुन्नरच्या पट्ट्यातील ही बेसनाची, तीळ-खोबऱ्याचे सारण भरलेली वडी. नावात मास, ताटात मात्र पूर्ण शाकाहार. विदर्भ-खानदेशाकडे बेसनाच्याच वडीला 'पाटवडी' म्हणतात.

५. बाजारातून आलेले पाहुणे

तांदळाच्या लाह्यांचे, म्हणजे फुगवलेल्या तांदळाचे नाव विचारले तर महाराष्ट्राचा नकाशाच उभा राहतो. मुंबई-कोकणात 'कुरमुरे', पुणे-कोल्हापूर-सोलापूरकडे 'चुरमुरे', नगर-नाशिक-मराठवाडा-विदर्भात 'मुरमुरे'. तिन्ही शब्द खाताना होणाऱ्या आवाजावरून पडलेले दिसतात. प्रत्येक प्रदेशाच्या कानाला तो आवाज थोडा वेगळा ऐकू आला, इतकेच. हेच भिजवून फोडणीस टाकले की मराठवाड्यात 'सुशीला' होते, आणि मसाला लावून परतले की कोल्हापुरी 'भडंग'. नाशिककडे फरसाण-मुरमुऱ्यांच्या कोरड्या मिश्रणाला 'भत्ता' म्हणतात. नोकरदाराला भत्ता पगाराबरोबर मिळतो, तिकडे तो कागदाच्या पुडीत मिळतो!

दूरच्या देशांतून आलेल्या वस्तूंना आपल्या लोकांनी कशी नावे दिली, हे पाहणे उद्बोधक आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात ती भारतात आली. आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे, म्हणून नव्या तिखटाचे नाव झाले 'मिरची'. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. जमिनीखाली येणारे मुगासारखे पीक म्हणून तो 'भुईमूग' झाला. विदर्भात त्याच शेंगेला 'फल्ली' म्हणतात आणि दाण्यांना 'फल्लीदाणे'. आपण 'शेंगदाणे' म्हणतो, आणि त्याच्या तेलाला 'गोडेतेल'. 'बटाटा' व 'पाव' हे शब्द मात्र पोर्तुगीजमधून जवळजवळ जसेच्या तसे आले. विदर्भाने तेथे हिंदीचा 'आलू' पत्करला, म्हणून आपला बटाटेवडा तिकडे 'आलुबोंडा' होतो. श्रीरामपूर परिसराने नावारूपास आणलेल्या मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिककडे बोट दाखविते. 'सरबत', 'बर्फी', 'शेरवा' हे फारसी-अरबीकडून आले. निजामशाहीची राजधानी असलेल्या या शहराला ते परके कसे वाटावेत?

चहाचे नाव तर जगभर फिरलेले आहे. चिनी भाषेच्या एका बोलीत 'चा', दुसरीत 'ते'. खुष्कीच्या मार्गाने गेलेला 'चा' इराणात 'चाय' झाला व तेथून हिंदीत आला. समुद्रमार्गे डच व्यापाऱ्यांबरोबर गेलेला 'ते' इंग्रजांचा 'टी' झाला. पोर्तुगीज समुद्रानेच गेले, पण त्यांनी 'चा' उचलला. मराठीने 'चहा' केला आणि खेड्याने त्याचा पुन्हा 'च्या' केला, म्हणजे तो मूळ चिनी उच्चाराच्या जवळ परत गेला म्हणा ना! 'च्या' म्हणणाऱ्या आजीला हसणाऱ्या नातवाने हे लक्षात ठेवावे. विसाव्या शतकात चहा घरोघर शिरला आणि सकाळचे माडगे, आंबील, ताक ही पेये मागे सरली. पंगतीत जिलबीबरोबर 'मठ्ठा' उरला, पण रोजची आंबील जत्रेपुरती राहिली.

शब्द माणसांबरोबरही हलतात. गोदावरी व प्रवरेचे कालवे झाले तेव्हा सासवडकडचे माळी बागाईतदार उत्तर भागात येऊन स्थायिक झाले. पुढे १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागून इतर कारखाने आले. हंगामात पाथर्डी, शेवगाव, बीडकडचे ऊसतोड मजूर कोप्या घालून राहू लागले. त्यांच्या तव्याबरोबर त्यांचे शब्दही आले. आज श्रीरामपूर-राहात्याच्या एखाद्या गावात पुणेरी, मराठवाडी आणि स्थानिक असे तिन्ही शब्द ऐकू येतात, ते यामुळे.

काही शब्द दुष्काळाने आणले. १९७२ च्या दुष्काळात परदेशाहून आलेल्या लाल ज्वारीला लोक 'मिलो' म्हणत, आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी 'सुकडी' तर त्या पिढीच्या जिभेवर कायमची राहिली. आज सुकडीचे नाव काढले की घरातले वडीलधारे क्षणभर गप्प होतात. शब्दकोशात तिचा अर्थ एका ओळीत मावेल. या माणसांच्या गप्प बसण्यात तो मावत नाही.

६. शुद्ध कोणते?

एवढा पसारा मांडल्यावर प्रश्न उरतो तो हा की यांतले बरोबर कोणते? वक्तृत्वस्पर्धेत, मुलाखतीत, नव्या मित्रांत आपल्यापैकी पुष्कळ जण घरचे शब्द गिळतात. बेसनाचे पिठले करतात, डांगराचा लाल भोपळा करतात, 'दाळ'ची 'डाळ' करतात. प्रमाणभाषा शिकली पाहिजे यात शंका नाही; ती आपणा सर्वांना जोडणारी आहे. परंतु प्रमाणभाषा ही एक बोली होती व छापखाना, शाळा, कचेरी यांच्या आधाराने ती मोठी झाली, हे विसरता कामा नये. 'पिठले' शुद्ध आणि 'बेसन' अशुद्ध असे म्हणणे म्हणजे मुळेचे पाणी शुद्ध आणि सीनेचे अशुद्ध असे म्हणण्यासारखे आहे. दोन्ही नद्या आपापल्या डोंगरांतून येतात.

या लाजेचा परिणाम केवळ मनावर होत नाही. शिकलेल्या मुलाने शब्द टाकला की तो पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही. आणि शब्दाबरोबर पुष्कळदा वस्तूही जाते. हुलगा पेरणे थांबले की माडगे थांबते, माडगे थांबले की तो शब्द म्हातारीबरोबर जातो. याच्या उलटही घडू शकते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जतन केले आणि त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बी जपले की त्याचे गावचे नाव जपले जाते. तेथे शेतकरी आणि कोशकार एकाच कामाला लागलेले असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि आपल्या सरकारने त्या धान्यांना 'श्री अन्न' असे नाव दिले. ज्या बाजरी-नागलीची भाकर डब्यात आणायला मुलांना लाज वाटे, तीच आता 'श्री' लावून शहरात विकली जाते! मान मिळाला हे चांगलेच. पण त्या मोठ्या नावाखाली नागली, वरई, शाळू ही धाकटी नावे दबून जाऊ नयेत.

७. आपण काय करावे?

मराठीच्या बोलींचा अभ्यास जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची; दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळातला. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली काढला. त्याने निरनिराळ्या बोलींचे नमुने घेताना बायबलमधील उधळ्या मुलाची एकच गोष्ट सर्वांकडून भाषांतरित करून घेतली. व्याकरण ताडून पाहण्यास ही युक्ती उत्तम होती; पण त्या गोष्टीत चूल कोठे आहे? स्वयंपाकघराचे शब्द त्यात येणार कसे? पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतर एकेका बोलीचे स्वतंत्र सर्वेक्षण ग्रंथरूपाने दिले, आणि अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह गावोगावी जाऊन बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित केले आहेत. तरीही प्रत्येक घरापर्यंत तज्ज्ञ पोचणार नाहीत. तेथे आपण आधीपासूनच आहोत.

सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने वहीत वीस शब्द जरी टिपले तरी मोठे काम होईल. मात्र ते पद्धतशीर व्हावे. पहिले म्हणजे, 'तुम्ही नाचणीला काय म्हणता?' असे विचारू नये; त्याने समोरच्याच्या तोंडात आपलाच शब्द घातला जातो. वस्तू समोर ठेवून 'हे काय?' एवढेच विचारावे. दुसरे, सांगणाऱ्याचे गाव व वय लिहावे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, सांगणारी स्त्री असेल तर तिचे माहेर कोणते, हे अवश्य लिहावे. कारण स्वयंपाकाचे शब्द गावात राहत नाहीत, ते माहेराहून सासरी येतात. जुन्नरची मुलगी पारनेरला आली की तिच्याबरोबर जुन्नरचे चार शब्द आले. आष्टीची मुलगी कर्जतला आली की बीडचे चार आले. सोयरीक जेथवर होते, तेथवर शब्द जातात. भाषाशास्त्रज्ञ शब्दांच्या सीमा दाखविणाऱ्या रेषा नकाशावर काढतात. माझी अशी समजूत आहे की जेवणाच्या शब्दांपुरत्या त्या रेषा महसूल खात्याच्या हद्दींपेक्षा सोयरिकीच्या आणि आठवडे बाजाराच्या वाटांशी अधिक जुळतील. चौथे, शब्दाबरोबर कृती व हंगामही टिपावा. 'येसर' एवढाच शब्द लिहिला तर ती नोंद झाली. तो कशाचा, केव्हा दळतात, कोणत्या कालवणात घालतात हे लिहिले तर तो अभ्यास झाला.

आपल्या जिल्ह्याला मराठीचा मोठा वारसा आहे. नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पंडितांची भाषा बाजूस ठेवून लोकांच्या बोलीत सर्वोच्च विचार मांडण्याचा तो निश्चय होता. त्याच ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथा लोकांनी सांगितली आणि तत्त्वज्ञानाशेजारी स्वयंपाक मांडून ठेवला. ज्या मातीने असा बोलीचा मान राखला, तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या आईच्या तोंडचा 'कोरड्यास' म्हणावयास का संकोचावे? प्रमाणभाषेत उत्तरपत्रिका लिहावी आणि घरच्या बोलीत जेवावे. दोन्ही करता येते. या सुट्टीत आपल्या आजीपाशी बसून तिच्या चुलीवरचे वीस शब्द विचारून घ्यावेत. ती सांगायला आहे तोवर हे काम सोपे आहे.